माठ हिरवागार आहे, मग खायचा का नाही?

वाचक लिहितात:

"आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी आहे. वरच्या अंगाला रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी. तिकडून येणारा पऱ्या आमच्या मळ्याच्या कडेनं खाडीला मिळतो. भात झालं की मी मळ्यात वायंगणी भाजी करते: माठ, पालक, मुळा, वाल. घरी खाऊन उरते ती आठवडा बाजारात विकते. मुलीच्या शाळेचा खर्च त्यातून निघतो. २०२१ च्या पुरात मळ्यात वीतभर काळा गाळ बसला, तो आम्ही नांगरून मातीत मिसळला. तेव्हापासून बांधावरच्या माडांच्या झावळ्या पिवळ्या पडतायत. गेल्या वर्षी पऱ्याचं पाणी दोनदा तांबूस आलं, मासे मेले. गावच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की आमच्या भाजीत शिसं नि कॅडमियम असणार. मृद आरोग्य पत्रिका काढली होती, ती चांगली आली. सासूबाई म्हणतात, 'चाळीस वर्षं खातोय, काय झालं? पोरीला घाबरवू नको.' मुलगी पाच वर्षांची आहे, दिवसभर मातीत खेळते. ही भाजी आम्ही खावी का? आणि खरं सांगा, विकावी का?"

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न मी पहिला घेते. तपासणीचा अहवाल हातात येईपर्यंत पऱ्याकडच्या मळ्यातला माठ, पालक आणि मुळा घरात शिजवू नका, बाजारातही नेऊ नका. वालाच्या शेंगा चालतील. तुमच्या भाजीत शिसं आहेच असं मी म्हणत नाही. ते आज कुणालाच ठाऊक नाही, ग्रुपवर लिहिणाऱ्यालाही नाही. पण जी जुडी लेकीच्या ताटात वाढताना हात अडखळतो, ती दुसऱ्या कुणाच्या लेकीसाठी टोपलीत ठेवता येत नाही. हे तुमच्या मनाला कळलंय, म्हणून तर तुम्ही विचारलंत. हंगाम बुडतोय याची मला कल्पना आहे, आणि तो सगळा बुडू नये यासाठी काय करता येईल तेही सांगते.

आधी ती पत्रिका. मृद आरोग्य पत्रिका खोटी नसते, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी ती केलेलीच नाही. २०१५ पासून मिळणाऱ्या या पत्रिकेत १२ गोष्टी असतात: सामू (माती किती आंबट ते सांगणारा आकडा), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल आणि बोरॉन. पिकाला कोणतं खत किती घालायचं, एवढंच त्यावरून ठरवायचं असतं. शिसं, कॅडमियम, पारा, आर्सेनिक, क्रोमियम, निकेल या विषारी धातूंतलं एकही नाव तिच्यात नाही. तेव्हा पत्रिका चांगली आली म्हणून निर्धास्त होऊ नका, आणि कुणी ती तुमच्यासमोर पुरावा म्हणून नाचवली तर हे बारा रकाने त्याला वाचून दाखवा.

माडांवरूनही काही ठरवू नका. जुन्या, खालच्या झावळ्या टोकाकडून पिवळ्या पडत असतील तर आपल्या जांभ्या मातीत पहिला संशय पालाश आणि मॅग्नेशियमच्या कमतरतेवर जातो, कारण कोकणातला पाऊस दोन्ही धुऊन नेतो. शिवाय वीतभर चिकण गाळ बसला की मुळांना हवा मिळत नाही, त्यानंही माड पिवळा पडतो. मासे मेले त्याचंही तसंच. पाण्यातला प्राणवायू संपला किंवा आम्ल, अमोनिया आला तरी मासे मरतात. ती तक्रार करण्याजोगीच गोष्ट आहे, पण मातीत धातू असल्याचा तो पुरावा होत नाही.

आणि ज्याची खरी काळजी करायची, ते कॅडमियम डोळ्यांना दिसतच नाही. माणसाला अपाय होईल एवढं कॅडमियम पानात असूनही माठ तरारून वाढतो, देठ कोवळा, रंग लालचुटूक. जुडी हातात घेऊन कितीही निरखली तरी कळणार नाही.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, पण त्यांना जपानमधली एक हकिकत जरूर सांगा. तोयामा प्रांतात जिन्झू नावाची नदी आहे. वर कामिओकाची खाण, खाली भातखाचरं, आणि नदीचं पाणी पाटानं खाचरांत. अगदी आपल्यासारखंच. वर्षानुवर्षं तो भात खाऊन बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की नुसत्या खोकल्यानं मोडायची. आजाराला नाव पडलं 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. रुग्णांत बहुतेक वयस्क बायका होत्या, पुष्कळ बाळंतपणं झालेल्या. त्यामागे कॅडमियम आहे हे तिथल्या सरकारनं १९६८ मध्ये मान्य केलं. शेतांची माती बदलण्याचं काम १९७९ मध्ये सुरू झालं ते २०१२ पर्यंत चाललं. तिथे खाणीचं पाणी पिढ्यान् पिढ्या शेतात जात होतं, तुमच्या मळ्याची गोष्ट तेवढी जुनी नाही. मी हे सांगते ते 'चाळीस वर्षं खातोय, काय झालं' या वाक्यासाठी. कॅडमियम मूत्रपिंडात साठत जातं आणि साठलेल्यातलं निम्मं बाहेर पडायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. शिवाय सासूबाईंच्या चाळीस वर्षांतला मळा आणि पुरानंतरचा मळा एकच राहिलेला नाही. धातू पाण्यात विरघळून जितके येतात त्याहून जास्त बारीक गाळाला चिकटून येतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड बुडाली तेव्हा सगळ्यांनी पाणी पाहिलं. ओसरताना ते मळ्यामळ्यांत गाळ ठेवून गेलं, त्याची चर्चा फारशी झाली नाही.

वाल चालेल आणि माठ नको, असं का म्हटलं? झाड मुळांतून जे ओढतं ते सगळीकडे सारखं वाटत नाही. कॅडमियम मुळांतून वर चढतं आणि पानांत साठतं, आणि माठ-पालक त्यात पुढे असतात. शिसं सहसा मुळांतच अडकतं, फार वर जात नाही, म्हणून मुळा, रताळं, कणगर यांवर लक्ष ठेवायचं. त्यांच्या सालीला मातीही चिकटलेली असते. शेंगेत, फळात, बियांत दोन्ही कमी पोचतात. म्हणून या हंगामात मळ्यात चवळी, वाल, पडवळ, दोडकी, काकडी घ्या, मांडवावर चढवा, म्हणजे मातीचे शिंतोडेही उडणार नाहीत. नारळ, सुपारी, कोकम, आंबा यांची भीती बाळगू नका. आंबा फक्त धुऊन कापा. वांग्याच्या बाबतीत मी जरा हात राखून असते, फळभाज्यांत ते कॅडमियम थोडं जास्त घेतं. माठ लावायचाच असेल तर घराच्या वरच्या बाजूला, जिथे पऱ्याचं आणि पुराचं पाणी कधी आलं नाही तिथल्या परड्यात, शेणखत घालून दोन वाफे करा. बाजारातल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी तेवढे पुरतील.

आता नमुना. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इतकी वर्षं मातीच्या प्रयोगशाळेत काम करताना चांगल्या हेतूनं आणलेले आणि फुकट गेलेले नमुने मी फार पाहिलेत. एकदा एका शेतकरीदादांच्या मातीत जस्त भलतंच जास्त निघालं. तीन दिवस आम्ही डोकं खाजवत होतो. शेवटी कळलं की माती नव्या कोऱ्या जस्ती घमेल्यात कालवली होती, आणि घमेल्याचाच मुलामा नमुन्यात उतरला होता. त्यामुळे घमेलं नको, गंजकी विळीही नको, छापील वर्तमानपत्रावर वाळवणं नको. लाकडी किंवा बांबूची खुरपी, प्लास्टिकचा टब आणि नव्या पारदर्शक पिशव्या एवढं सामान घ्या.

मळ्याचे दोन भाग करा: पऱ्यालगतचा आणि लांबचा. प्रत्येक भागात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वरचा पाला बाजूला सारून, इंग्रजी व्ही अक्षरासारखा १५ सेंटिमीटर खोल खड्डा काढा आणि त्याच्या कडेची उभी चकती तासून टबात टाका. सगळी माती कालवा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, पुन्हा कालवा, असं करत अर्धा-एक किलो उरू द्या. सावलीत वाळवा. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, शाई ओलीनं पसरते.

आता जे सांगते ते बहुतेक लोक करत नाहीत, आणि त्यावाचून सगळा खर्च वाया जातो. त्याच खड्ड्यांपैकी दोन-तीन आणखी खोल करून ३० ते ४५ सेंटिमीटरवरची माती वेगळ्या पिशवीत घ्या. आणि एक नमुना पऱ्याच्या व पुराच्या आवाक्याबाहेरच्या, पण तशाच जांभ्या मातीच्या जमिनीतून घ्या. कारण जांभ्या मातीत लोह तर असतंच, क्रोमियम आणि निकेलही मुळातच बऱ्यापैकी असतं. नुसता तुमच्या मळ्याचा आकडा दाखवलात तर समोरचा म्हणेल, ही कोकणची मातीच अशी. वरच्या थरात धातू जास्त आणि खाली कमी निघाला, शेजारच्या न बुडालेल्या जमिनीत त्याहून कमी निघाला, तर तो बाहेरून आला हे तुमच्या हातातला कागदच सांगेल. तिन्ही आकडे सारखे निघाले तर ती खरंच कोकणची मातीच आहे, आणि तुम्हाला शांत झोप लागेल.

भाजीचंही असंच. आता उभा असलेला माठ उपटून टाकायच्या आधी त्याच्या दोन जुड्या घ्या. एक तशीच पिशवीत घाला, दुसरी घरी शिजवायला घेताना धुता तशी तीन पाण्यांतून काढून. दोन्ही तपासून घ्या. न धुतलेलीत जास्त आणि धुतलेलीत कमी निघालं तर धातू धुळीतून पानांवर बसतोय, मग धुण्यानं पुष्कळ भागतं. दोन्हींत सारखंच निघालं तर तो मुळांतून आत शिरलाय, तिथे धुणं, मीठ-हळदीच्या पाण्यात ठेवणं, उकळणं यांतलं काहीही पुरं पडत नाही.

नमुने एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात कुठे आणि कसं द्यायचं याची विचारणा करता येईल. सांगताना नुसतं 'माती तपासा' म्हणू नका. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक, पारा यांचं एकूण प्रमाण आणि सोबत सामू, असं लेखी मागा. पैसे कमी असतील तर माझं मत असं की दहा ठिकाणची माती स्वस्तात तपासण्यापेक्षा चारच नमुने नीट तपासावेत: पऱ्याकडची वरची, पऱ्याकडची खालची, न बुडालेल्या जमिनीतली, आणि धुतलेला माठ.

अहवाल आला की एक गफलत हमखास होते. प्रयोगशाळा भाजी वाळवून मोजते आणि किलोमागे मिलिग्रॅममध्ये आकडा देते. खाण्याच्या मर्यादा मात्र ताज्या भाजीसाठी असतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात ताज्या पालेभाजीत किलोमागे कॅडमियम ०.२ आणि शिसं ०.३ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. माठात दर किलोला साधारण ९०० ग्रॅम पाणीच असतं, म्हणजे वाळवलेल्या माठाचा आकडा जवळजवळ दहापट दिसतो. कुणी वाळल्या वजनाचा १ हा आकडा ०.२ शी ताडून गावभर घबराट करेल. तो ताज्या वजनावर ०.१ च आहे. उलट कुणी वाळल्याचा म्हणून सांगितलेला आकडा खरं तर ताज्याचा नाही ना, हेही विचारा. अहवालावर 'वाळलेल्या वजनावर' की 'ताज्या वजनावर' हे लिहून घ्या. मातीतल्या कॅडमियमबद्दल एवढं ध्यानात ठेवा की स्वच्छ मातीत ते सहसा किलोमागे एक मिलिग्रॅमपेक्षा कमीच असतं.

समजा कॅडमियम निघालं. मळा टाकून द्यायची वेळ लगेच येत नाही. आपली माती आंबट आहे, आणि आंबट मातीत कॅडमियम, शिसं, निकेल मुळांना सहज मिळतात. चुना घालून सामू साडेसहा-सातपर्यंत आणला, भरपूर कुजलेलं शेणखत घातलं की ते मातीलाच चिकटून राहतात. पण अहवाल यायच्या आधी चुना टाकू नका. मातीत आर्सेनिक किंवा क्रोमियमचा विषारी, सहा संयुजेचा प्रकार असेल तर चुन्यानं तो उलट सुटा होतो. भाताचंही तसंच दुधारी आहे: खाचरात पाणी उभं राहिलं तर दाण्यात कॅडमियम कमी उतरतं, आर्सेनिक वाढतं. कोणता धातू आहे ते कळल्याशिवाय कुणाचाच उपाय ऐकू नका, माझाही नाही.

मोहरी किंवा सूर्यफूल लावा, ती जमिनीतलं विष ओढून घेतात, असाही सल्ला ग्रुपवर येईल. ओढतात हे खरं. पण एका हंगामात जे निघतं ते इतकं थोडं असतं की माती साफ व्हायला दशकं जातात. वर तो पाला गुरांना घालता येत नाही, खतात टाकता येत नाही, चुलीतही घालता येत नाही. बांधावर वाळा मात्र लावा, तो पऱ्यातून येणारा गाळ अडवून धरतो.

तुमच्या पत्रात नाही, पण खाडीपट्ट्यात मी पाहिलेल्या तीन गोष्टी विचारते, कारण त्या घरच्या घरी थांबवता येतात. कंपनीतून स्वस्तात मिळालेली निळी पिंपं पाणी साठवायला वापरता का? भाताच्या रोपांसाठी जमीन भाजता त्या राबात पालापाचोळ्याबरोबर रसायनांच्या पिशव्या, पुठ्ठे, रंगवलेलं लाकूड जळतं का? आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा गाळ कुणी 'फुकट खत' म्हणून ट्रॉलीनं आणून टाकलाय का? तिन्हींतलं काही असेल तर ते आजच बंद करा. त्यासाठी अहवालाची वाट बघायची गरज नाही.

मुलीचं. मातीत खेळणारी लहान मुलं भाजीपेक्षाही हाताला लागलेल्या मातीतून जास्त शिसं गिळतात, आणि मोठ्यांपेक्षा ती ते जास्त शोषून घेतात. शिशाची मुलांसाठी निर्धोक अशी पातळी सापडलेली नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिला माती तोडू नका, जागा बदला: न बुडालेल्या अंगणात वाळू-मातीचा ढीग करून द्या, आणि जेवणाआधी नखं, हात साबणानं. मळ्यातली चप्पल पडवीतच राहू दे. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. नाचणी, मासे, डाळी चालू ठेवा. फक्त पऱ्याच्या तोंडाशी काढलेली कालवं आणि तिसऱ्या (शिंपले) सध्या नकोत, शिंपल्यातले जीव धातू साठवतात. मातीत शिसं जास्त निघालं तर डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासा, बोट टोचून नको, शिरेतून घेतलेलं रक्त हवं. १०० मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त निघालं तर ते कुठून येतंय ते शोधून थांबवायला हवं, असं त्याच संघटनेचं मार्गदर्शन आहे. विष उतरवण्याचे काढे आणि गोळ्या विकणाऱ्यांना दारातही उभं करू नका.

विहीर मळ्यात असेल तर तिचं पाणीही द्या. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात लिटरमागे शिसं ०.०१ आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. उकळून धातू जात नाहीत, पाणी आटलं की त्यांचं प्रमाण वाढतंच.

तक्रारीबद्दल थोडक्यात. तुम्ही घेतलेले नमुने तुम्हाला कळावं म्हणून. सांडपाण्याचा कायद्यात टिकणारा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानंच पद्धतशीर सील करून घ्यावा लागतो. म्हणून पुन्हा पाणी तांबूस आलं की त्याच तासाला मंडळाच्या चिपळूणच्या कार्यालयाला फोन आणि मेल, तलाठ्याला पंचनाम्याची लेखी मागणी, फोटोवर तारीख-वेळ. माहिती अधिकारात एमआयडीसीच्या सांडपाणी केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तपासणी अहवाल आणि मंडळानं कारखान्यांना दिलेली संमतीपत्रं मागा. तिथे कोणता कच्चा माल वापरला जातो ते कळलं की कोणता धातू शोधायचा तेही कळतं. जुलै २०२५ मध्ये दूषित जागांबाबत केंद्राचे नवे नियम आले आहेत. लोकांच्या तक्रारीवरून स्थानिक संस्थेनं किंवा जिल्हा प्रशासनानं अशी जागा 'संशयित दूषित' म्हणून यादीत घ्यावी, अशी त्यांत तरतूद आहे. ग्रामसभेत ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा. एकट्या सुनेच्या अर्जाला आणि ठरावाला मिळणारं वजन वेगळं असतं. नुकसानभरपाईसाठी पुण्याच्या हरित लवादाकडे पाच वर्षांच्या आत जावं लागतं, आणि २०२१ च्या पुराला आता किती वर्षं झाली ते मोजा. गेल्या वर्षीच्या तांबूस पाण्याचे फोटो असतील तर ते आधी जपून ठेवा.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना पटवत बसू नका, नमुना काढायला बरोबर न्या. पुराचं पाणी कुठवर आलं, पऱ्या पूर्वी कुठून वाहायचा, कुठला कोपरा कधीच बुडाला नाही, गाळ कुठे जाड बसला होता, हे या मळ्यात चाळीस वर्षं राबलेल्या बाईइतकं कुणाला ठाऊक असणार? तुम्ही पिशव्या आणि पेन्सिल घ्या, त्यांच्या हातात चार खुंट्या द्या. त्या जिथे रोवतील तिथे खणा.